पाण्याच्या पिंपाजवळचं गवत

यांटिनने झाडूचा दांडा कुंपणाला लागून मातीत खोचला, दोन पावलं मागे आली आणि घड्याळात पाहिलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. दांड्याची सावली कमरेएवढ्या कुंपणावरून पलीकडे उतरली होती आणि शेजाऱ्याच्या फरशांवर पडली होती. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच फरशा.

दांडा दीड मीटरचा. म्हणजे साडेतीन मीटर उंचीचं काही लावलं, तर सावली अकराव्या फरशीच्या पुढे जाणार. बेरेंडची खुर्ची नवव्या फरशीवर होती. यांटिनने आठ दिवस रोज सहा वाजता मोजणी केली होती आणि आता तिला हिशेबात कसलीही शंका उरली नव्हती.

बेरेंड ओस्टिंग हा तिचा शेजारी, आणि ड्रेंथे प्रांतातल्या त्या गावात शेजारी म्हणजे नुसतं पलीकडच्या घरात राहणारा माणूस नव्हे. पहिल्या, म्हणजे अगदी लागून राहणाऱ्या शेजाऱ्याला मान असतो आणि काम असतं. कुणी आजारी पडलं की त्याचं अंगण, त्याच्या कोंबड्या, त्याची टपाल पेटी, सगळं पहिल्या शेजाऱ्याने न सांगता हातात घ्यायचं, आणि घरचा माणूस बरा झाला की त्याने टार्ट भाजून न्यायचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गावात कुणी मोडत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात यांटिनचं खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या वर्षभर आधी तिचा नवरा रूलॉफ वारला होता, तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. सहा आठवडे ती बाहेर होती. परत आली, वॉकर टेकत मागच्या दारात उभी राहिली, आणि कुंपणाजवळची जागा तिला आधी ओळखूच येईना.

तिथे रूलॉफचं गवत होतं. डोक्याएवढं वाढणारं, ऑगस्टमध्ये तुरे काढणारं. तुऱ्यांचा रंग जुन्या वाइनचा डाग धुवूनही उरावा तसा. ते कुणी विकत आणलेलं नव्हतं. पावसाचं पाणी साठवायच्या पिंपाजवळ, दोन विटांच्या फटीत ते आपोआप उगवलं. रूलॉफ हातात तण काढायचा आकडा घेऊन खाली वाकला होता आणि तसाच थांबला. का थांबला ते त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. पण थांबलो कसा, ते तो प्रत्येक वाढदिवसाला सांगायचा. पाहुणे खुर्च्या गोल मांडून कॉफी घेत बसले की रूलॉफ सुरू व्हायचा आणि सगळे हसायचे.

त्या जागी जमिनीबरोबर कापलेले खुंट होते.

"साफ करून टाकलं बघ तुझं अंगण," बेरेंड कुंपणापलीकडून म्हणाला होता. "सगळं वाळलेलं काड. आणि खरं सांगू का, माझं संध्याकाळचं ऊनही जरा अडत होतं."

"बेरेंड, गवत मार्चमध्ये कापतात."

"गवतच तर आहे, यांटिन. पुन्हा येतं."

पुन्हा आलं नाही. हे गवत थंडीभर आपली वाळलेली काडं अंगावर टोपीसारखी घालून उभं राहतं. टोपी काढली की पावसाचं पाणी पोकळ खुंटांतून खाली गड्ड्यात शिरतं, आणि त्या गावाची माती पाणी धरून ठेवणारी. मे महिन्यात यांटिनने गड्ड्यावर बोट दाबलं तेव्हा ते ओल्या पावात जावं तसं आत गेलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, रीत म्हणून, ती बेरेंडकडे सफरचंदाचा टार्ट घेऊन गेली होती. त्याने दोन तुकडे खाल्ले होते. तो टार्ट तिला अजून सलत होता, गवतापेक्षाही जास्त.

तीन वर्षं तिने ती जागा मोकळी ठेवली. बेरेंडला रोज दिसावी म्हणून. बेरेंडला मात्र तिथून फक्त ऊन दिसत होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती दांडा गाडीत टाकून आलेइडाच्या रोपवाटिकेत गेली. आलेइडा चाळिशीची, रबरी बुटांतली, आणि गवतांच्या बाबतीत कडक. तिच्याकडे दोनशे जाती होत्या. त्यांच्याबद्दल ती शाळेतल्या मुलांबद्दल बोलावं तशी बोलायची.

"कशासाठी हवं, बाई? कडेला, कुंडीत, की आडोशाला?"

"सूड म्हणून," यांटिन म्हणणार होती. ती म्हणाली, "आडोशाला."

"मग हे घ्या. सरळ उभं राहतं, जूनमध्येच फुलतं, पावसाने झोपत नाही. आपल्या जागेवरून हलत नाही. अगदी सभ्य."

"नको."

"मग हे निळं? साळिंदरासारखं गोल. ठेंगणं आहे, पण शेजाऱ्यांना आवडतं."

"तर मुळीच नको. ते पट्ट्यापट्ट्यांचं काय?"

आलेइडाने तोंड वाकडं केलं. "ते मी विकते, पण सांगून विकते. दिसायला गोड, पांढऱ्या रेघा वगैरे. पण जमिनीखालून पळतं. यंदा इथे लावलंत की दोन वर्षांनी कुंपणापलीकडे. शेजारी बोलायचा बंद होतो."

"तो बोलायचा बंद होईल याची खात्री देता?"

आलेइडाने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, एक ऐका. ते पळतं, पण मऊ मातीकडे पळतं. तुमच्या शेजाऱ्याकडे काय आहे?"

"फरशा. सगळीकडे फरशा."

"आणि तुमच्याकडे वीस वर्षं खत घातलेली माती. मग कुणाकडे पळेल?"

यांटिनने रेघांच्या गवताची कुंडी खाली ठेवली. "साडेतीन मीटर वाढणारं कुठलं?"

"ते मागे, भिंतीपाशी. राक्षस आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात पूर्ण उंच होतो. जागचा हलत नाही, पण सावली अशी टाकतो की खाली गोगलगायीसुद्धा राहत नाही. कुणालाच नको असतो तो."

"तीन द्या."

आलेइडा पावती लिहायला वळली, तेव्हा यांटिनला पिशवीतल्या वर्तमानपत्राची आठवण झाली. त्यात चार वर्षं फुलदाणीत असलेला तुरा गुंडाळला होता. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. उत्तर "नाही" आलं असतं तर तेही गेल्यासारखं झालं असतं. पण हात पिशवीत गेलाच.

"आणि असलं काही आहे का?"

आलेइडाने तुरा हातात घेतला, प्रकाशाकडे धरला. मग एकेका रांगेशी नेऊन लावून पाहिला. या जातीचा रंग जुळला, पण तुरा सरळ. त्या जातीचा तुरा टोकाशी असाच मुडपलेला, पण रंग चांदीसारखा. तिसरीचं पान रुंद निघालं. चौथ्या रांगेपाशी ती थांबली, आणि तुऱ्याकडे पाहायचं सोडून यांटिनकडे पाहू लागली.

"हे तुम्हाला कुठून मिळालं?"

"माझ्या नवऱ्याचं आहे."

"माझ्याबरोबर या."

काचघरात अगदी मागे चाळीस कुंड्या होत्या. चाळीसही तुऱ्यावर आलेल्या. दार उघडल्याचा वारा लागला तशा सगळ्या एकदम हलल्या. यांटिन एका उलट्या खोक्यावर बसली. खुबा दुखत होता म्हणून नव्हे.

"एका माणसाने तुकडा आणून दिला," आलेइडा हळू म्हणाली. "तीन वर्षं होतील. ऑक्टोबर होता, मी त्याला म्हटलं, या दिवसांत गड्डा फोडलात तर कुजणार. तर म्हणे, घरचे सगळे तुकडे कुजले तरी एक तुमच्याकडे जगेल. कोरड्यात ठेवला, जगला. दर वसंतात फोडून वाढवला. नवी जात आहे, बाई. स्वतःच्या अंगणातल्या फटीत सापडली म्हणाला. पुढच्या महिन्यात गवतांच्या दिवशी नाव जाहीर करायचंय."

"बेरेंड ओस्टिंग," यांटिन म्हणाली.

"ओळखता?"

म्हणजे त्याने आधी फावड्याने गड्ड्याचा लचका तोडला होता, आणि खड्डा दिसू नये म्हणून बाकीचं कापून सपाट केलं होतं. ऊन हे निमित्त. आणि तिने त्याला टार्ट नेऊन दिला होता.

"त्या तुकड्यात जस्ताची पट्टी होती का?" तिने विचारलं. "इतकीशी. माझ्या नवऱ्याने तारेने बांधलेली."

आलेइडाने फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला. खिळे, चिमटे, तारा यांच्यातून मातीने माखलेली एक पट्टी निघाली. "मुळांत अडकली होती. मी पुसलीच नाही कधी."

यांटिनने अंगठ्याला थुंकी लावली आणि पट्टी घासली. खिळ्याने कोरलेली अक्षरं हळूहळू वर आली. तिरकी, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखी. *आर. पाण्याचं पिंप. मे २००४.*

"मी आत्ता फोन करते त्याला," आलेइडा रागाने लाल होऊन म्हणाली.

"करू नका." यांटिनचा आवाज इतका शांत होता की तिचा तिलाच नवा वाटला. "भाषण तयार करू दे त्याला. नाव काय सुचवलंय?"

"'बेरेंडची शान'."

यांटिनने पट्टी पुन्हा एकदा घासली.

"त्याऐवजी," यांटिन म्हणाली, "'ऑक्टोबरचोर' कसं वाटतं?"

आलेइडा हसता हसता खोक्यावर तिच्या शेजारी बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाई, नाव एकदाच देता येतं, हं. ते पुढे देशभर जातं. पाटीवर, याद्यांत, लोकांच्या बागांत. तुम्ही आणि मी नसू तेव्हाही तेच. विचार करून सांगा."

"विचार तीन वर्षं चाललाय," यांटिन म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस तिला चांगली झोप लागली. सकाळी कॉफी ओतताना ती ते नाव मनात म्हणून पाहायची. कुठल्या तरी गावातली कुणी अनोळखी बाई पाटी वाचेल, विचारेल, असलं कसलं नाव? आणि कुणीतरी तिला सगळी गोष्ट सांगेल. पन्नास वर्षं सांगत राहतील.

बेरेंडलाही दिवस चांगले चालले होते. तो कुंपणापाशी आला की चवड्यांवर उभा राहायचा.

"काय शेजारीणबाई, गवतांच्या दिवशी येणार ना? तुझ्यासाठी एक आश्चर्य आहे."

"येणार की. टार्ट घेऊन येते."

"वा! आणि ती जागा आता भर बाई काहीतरी लावून. मलाच बघवत नाही. काहीतरी ठेंगणं लाव. ते निळं, साळिंदरासारखं."

"बघते आहे," यांटिन म्हणाली. "निवड करायला वेळ लागतो, बेरेंड."

त्याची बायको फेम्मी दारातून म्हणाली, "तिचं तिला ठरवू दे रे. तुला काय करायचंय तिच्या अंगणात?" फेम्मी चांगली बाई होती. यांटिनने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

गवतांच्या दिवशी आलेइडाच्या मांडवात ऐंशी-नव्वद माणसं होती. अर्ध्याहून जास्त गावातलीच. लांब टेबलांवर कॉफीचे थर्मास, आलुबुखाऱ्याचे टार्ट. पुढे स्टुलावर एक कुंडी, तिच्यावर जुन्या पोत्याचं आवरण. तिथली रीत अशी, की नवी जात ज्याला सापडली त्याने ती कशी सापडली ते स्वतः सांगायचं, मग पोतं काढायचं, आणि पाटीवरचं नाव आणि जन्मस्थान मोठ्याने वाचायचं. पाटी मात्र रोपवाटिकेने लिहायची.

आलेइडाने यांटिनला मागच्या खोलीत बोलावलं. तिच्या हातात दोन पाट्या होत्या. एकीवर 'ऑक्टोबरचोर' सुंदर अक्षरात लिहिलं होतं. दुसरी कोरी.

"ही लावू ना?"

यांटिनने लिहिलेली पाटी घेतली. ती वाचताना तिला वाटलं होतं तशी चव आली नाही. तिने पुन्हा वाचली. ती अनोळखी बाई तिला पुन्हा दिसली, आणि तिला गोष्ट सांगणारा माणूसही. तो कुणाची गोष्ट सांगत होता? बेरेंडची. पन्नास वर्षं लोक बेरेंडबद्दलच बोलणार होते. आकडा हातात धरून फटीपाशी थांबलेला माणूस त्या गोष्टीत कुणाला आठवणार नव्हता. गड्डा बेरेंडने एकदा नेला होता. या पाटीने तो त्याला कायमचा मिळणार होता.

"नाही," ती म्हणाली. "एवढं मी त्याला देणार नाही."

तिने खडू मागून घेतला आणि कोऱ्या पाटीवर स्वतः लिहिलं.

बेरेंड नव्या कोटात आला होता. खिशातून कागद काढून त्याने घसा साफ केला.

"मित्रहो! वसंतातली सकाळ होती. मी अंगणात तण काढत होतो. हातात आकडा. फरशांच्या फटीत एक हिरवं पातं. वाकलो, आकडा लावला, आणि थांबलो! का थांबलो? ते मला आजही सांगता येणार नाही—"

मांडवात खुर्च्या करकरल्या. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या ख्येर्टने कॉफीचा कप खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने मागे वळून पाहिलं. या सगळ्यांनी ही गोष्ट वीस वाढदिवसांना, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून ऐकली होती, आणि सांगणारा बेरेंड नव्हता. बेरेंडला गोष्टही स्वतःची जमली नव्हती. त्याने तीही मुळासकट उचलली होती.

तो वाचत राहिला. लोक ताठ झाले ते त्याला कौतुकाचं वाटलं. शेवटी त्याने कागद घडी केला, पोत्याचं टोक धरलं आणि झटक्यात ओढलं.

"आणि हिचं नाव—"

पोतं त्याच्या हातातच राहिलं.

कुंडीवर पाटी होती, आणि पाटीच्या तारेला जस्ताची पट्टी बांधलेली, घासून लख्ख केलेली.

"मोठ्याने वाच, बेरेंड," ख्येर्ट म्हणाला. "मागे ऐकू येत नाही."

"इथे... इथे काहीतरी चूक..."

"मोठ्याने!" मागून दोन-तीन आवाज आले.

बेरेंडने आलेइडाकडे पाहिलं. तिने हातांची घडी घातली होती. मग त्याने यांटिनकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत मांडीवर टार्टचा डबा घेऊन, चर्चमध्ये बसावी तशी बसली होती.

"'रूलॉफ'," बेरेंडने वाचलं.

"जन्मस्थानही वाचायचं असतं," यांटिन म्हणाली. "रीत आहे."

"'यांटिनच्या अंगणात, पाण्याच्या पिंपाजवळ. मे २००४.'"

तेव्हा फेम्मी उभी राहिली. तिने पर्स काखेत घेतली. "तू मला म्हणाला होतास, तिने दिलंय," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली. मांडवात कुणी काही बोललं नाही. त्या गावात यापेक्षा जास्त शिक्षा करत नाहीत. फक्त ख्येर्टच्या बायकोने बेरेंडसाठी कापलेला टार्टचा तुकडा परत ताटात सरकवला.

यांटिन उठली, दुसरी एक कुंडी उचलली आणि बेरेंडच्या हातांत दिली. पहिल्या शेजाऱ्याने सगळ्यांसमोर दिलेली वस्तू नाकारता येत नाही. त्याने धरली.

"घे. आत्ता लावू नकोस, एप्रिलमध्ये लाव. शरदात लावलेलं कुजतं, तुला अनुभव आहे." तिने कुंडीवरची पाटी सरळ केली. "आणि मेलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. गवतच तर आहे. पुन्हा येतं."

निघताना आलेइडाने विचारलं, "आता ते तीन राक्षस रद्द करू ना? जागेवर रूलॉफच लावाल तुम्ही."

यांटिनने विचार केला. "मधे रूलॉफ," ती म्हणाली. "राक्षस दोन द्या. दोन्ही बाजूंना. एकटा बरा नाही दिसणार."

एप्रिलमध्ये तिने तिन्ही लावले. त्याच आठवड्यात पलीकडे फेम्मीने स्वतः पहार घेऊन बाराव्या फरशीपाशी चार फरशा उपटल्या आणि आपल्याकडची कुंडी तिथे लावली, पाटीसकट. बेरेंड मधे काही बोलायला गेला तेव्हा ती म्हणाली, "हात लावून बघ." त्याने लावला नाही.

पहिला उन्हाळा राक्षस गुडघ्याएवढे राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात सहा वाजता बेरेंडला खुर्ची नवव्या फरशीवरून दहावीवर सरकवावी लागली. यांटिनला घाई नव्हती. मार्चमध्ये ती वाळकी काडं कापायची, योग्य वेळी, आणि बाकी वर्षभर खिडकीत बसून कॉफी प्यायची.

तिसऱ्या ऑगस्टमध्ये तिने पुन्हा झाडूचा दांडा काढला, पण मोजायची गरज नव्हती. अकरा फरशा पूर्ण सावलीत होत्या आणि पलीकडच्या अंगणात ऊन उरलं होतं ते एकाच ठिकाणी. बेरेंड हातात बिअर घेऊन दारात आला. फरशांवरून नजर फिरवली. मग त्याने खुर्ची उचलली आणि बाराव्या फरशीवर, त्या गवताच्या अगदी शेजारी नेऊन ठेवली.

वारा होता. वाइनच्या रंगाचे तुरे त्याच्या कानाला लागत होते. तो ते हाताने बाजूला करायचा, ते परत यायचे. रस्त्यावरून सायकलवर जाणारं एक जोडपं थांबलं, आणि त्यातल्या बाईने कुंपणावरून वाकून विचारलं, "किती सुंदर आहे हो! काय नाव याचं?"

यांटिनने खिडकी थोडी उघडली, उत्तर ऐकायला.